थकबाकी कुणाची?

'थकबाकी' हा शब्द आपल्या वस्तीत शिवीसारखा वापरला जातो. अमक्यानं भाडं थकवलं, तमक्या कुळानं खंड बुडवला. शब्द तोंडातून निघाला की निकाल लागला. ज्याच्या नावावर बाकी तो चोर, आणि बाकी मागणारा साव. ही बाकी कोणत्या मापानं मोजली, कोणत्या वहीत लिहिली आणि ती वही कुणाच्या घरात असते, हे कुणी विचारत नाही.

मित्रांनो, या लेखात मला तेवढंच विचारायचं आहे. त्यासाठी कोकणातल्या खोतीचा इतिहास घेतो. सरकार, मधला माणूस आणि कूळ या तिघांचं भांडण तिथं जेवढं उघडं दिसतं तेवढं दुसरीकडं क्वचितच दिसेल. शिवाय या भांडणात बाबासाहेब स्वतः उतरले होते. आपल्या सभांतून महाड येतं, काळाराम मंदिर येतं, येवला येतं. १० जानेवारी १९३८ हा दिवस मात्र फारसा येत नाही. का येत नाही, त्याचाही विचार व्हायला पाहिजे.

खोत म्हंजे कोण

पहिली गोष्ट लक्षात घ्या. खोत हा मुळात जमिनीचा मालक नव्हता. तो वसुलीचा मक्तेदार. गावचा सारा सरकारात भरायची हमी त्यानं घ्यायची आणि कुळांकडून जमेल तेवढं वसूल करायचं. मधला फरक त्याचा. रत्नागिरी जिल्ह्यात आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या काही भागात ही पद्धत इंग्रज यायच्या आधीपासूनची. पुढं खोती वंशपरंपरेनं चालली, तिची वतनं झाली, वाटण्या झाल्या. एका गावाला चार-सहा भाऊबंद खोत. मग पाळी लागली. ज्याची पाळी तो त्या साली 'वहिवाटदार खोत'. आता विचार करा, ज्याला एकाच सालापुरती वसुली मिळते तो कुळाच्या पुढच्या सालाची काळजी कशाला करील? झाड ज्याचं नाही तो फळं हलवून पाडतो, फांदी मोडली तरी त्याला काय!

कुळांतही पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर धारेकरी. तो सरकारी धाऱ्याइतकंच देणार, खोताला वर काही नाही. त्याच्याखाली धाऱ्याच्या दीडपट, दुप्पट देणारे. आणि सगळ्यात खाली अर्धेली-तिर्धेलीवाले. भाताच्या जमिनीत निम्मं पीक खोताचं, नाचणी-वरीच्या वरकस जमिनीत तिसरा हिस्सा खोताचा. बी आपलं, बैल आपला, राब भाजायचा आपण, चिखलात कंबर मोडायची आपण. कुणबी आणि महार बहुतेक याच शेवटच्या पायरीवर. गावकीत दोघांचे पाणवठे वेगळे, पण खोताच्या वहीत दोघं एकाच पानावर.

आता निम्मं म्हंजे निम्मंच का? तर नाही. इथं 'अभावणी' नावाची चीज येते. पीक शेतात उभं असतानाच खोत किंवा त्याचा कारभारी बांधावरून फिरायचा आणि अंदाज सांगायचा: या खाचरात इतक्या मणाचं भात. झालं. तो अंदाज म्हंजेच हिशेब. पुढं पाऊस लागला, भात आडवं झालं, डुकरानं खाल्लं, तरी खोताचा वाटा त्या अंदाजावरच. प्रत्यक्षात कमी भरलं तर उरलेलं कुळाच्या नावावर बाकी. म्हंजे बघा, बाकी जन्माला यायची ती कुळाच्या आळसातून नव्हे, खोताच्या नजरेतून. न पिकलेल्या भाताची थकबाकी!

वर वेठ होती. काही गावांत आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट. नांगराची वेठ वेगळी. शिवाय सणावाराला कोंबडी, भाजी, लाकूडफाटा. हे कुठल्या हिशेबात धरलं जात नव्हतं. कुळाकडून राहिलं ते वहीत चढायचं, कुळानं जास्तीचं दिलं ते कुठंच चढायचं नाही. दोन बाजूंचा व्यवहार आणि वही एकाच बाजूची. खोतीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

१८८० चा कायदा आणि कागदाची सत्ता

इंग्रज सरकारनं मोजणी आणली, तेव्हा खोत खवळले. मोजणी झाली तर कुळाचं नाव कागदावर येणार, धारा ठरणार, अंदाजाची मजा जाणार. पुष्कळ वर्षं हा घोळ चालला. शेवटी १८८० साली खोतीचा कायदा झाला. या कायद्यानं कुळाला थोडा हात दिला, हे खरं. १८४५-४६ सालापासून ज्याच्याकडं जमीन सलग आहे अशा कुळाला कायम कुळाचा हक्क मिळाला. गावच्या जमिनींची आणि कुळांची नोंद 'बोटखता'त झाली.

पण यातली मेख पाहा. १८८० साली कायदा होतो आणि पुरावा मागतो पस्तीस वर्षांपूर्वीचा. ज्याच्या सात पिढ्यांनी अक्षर पाहिलेलं नाही त्यानं १८४५ सालचा पुरावा कुठून आणायचा? पुरावा होता, पण तो खोताच्या दप्तरात. म्हंजे कुळानं आपला हक्क शाबीत करायचा तो खोताच्या वहीवरून! पाटाचं पाणी वळवणाऱ्यालाच विचारायचं, की बाबा, माझं शेत कोरडं का?

वसुलीच्या बाबतीत सरकार खोताच्या पाठीशी उभंच होतं. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात अशी सोय होती की वरच्या धारकाला आपल्या कुळाकडून येणं वसूल करायला सरकारी मदत मागता यावी. खोतानं अर्ज करायचा, मामलेदारानं थोडक्यात चौकशी करायची, आणि महसूल वसूल करतात तशी जप्तीनं वसुली करायची. कुळाला खोताकडून काही येणं असेल तर त्यानं दिवाणी कोर्टाची पायरी चढावी. वकील द्यावा, तारखा खाव्यात. एकाला मामलेदार, दुसऱ्याला वकील. कायद्यापुढं सगळे समान असतात असं आपण नागरिकशास्त्रात शिकतो.

विसाव्या शतकाच्या तोंडावर सरकारनं खोतीच्या कायद्यात दुरुस्ती करायचं काढलं, तेव्हा टिळकांच्या 'केसरी'नं खोतांची बाजू घेतली. स्वराज्य मागणाऱ्या माणसाला कुळाचं राज्य दिसलं नाही. हा टोमणा मारायचा म्हणून मी सांगत नाही. चळवळीच्या शब्दांवर जाऊ नका, ती कुणाच्या वहीची बाजू घेते ते बघा, एवढंच सांगायचं आहे.

भिंतीवरच्या रेघा

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. खोताचं नाव घेत नाही, त्यांच्या घरात आता कुणी राहत नाही. माझा आजा अर्धेलीचं कूळ. त्याला अक्षर येत नव्हतं. पण आजीनं एक युक्ती केली होती. घरातून भात मोजून खोताच्या वाड्यावर गेलं की ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. मणाला एक रेघ. पायलीला ठिपका. शेणानं भिंत सारवायची वेळ आली की तेवढा तुकडा सोडून सारवायची. माझा बाप सांगायचा, एका साली कारभारी दारात आला आणि म्हणाला, तुमच्याकडं मागली बाकी आहे. आजी त्याला म्हणाली, "आत येऊन भिंत बघा."

कारभारी आत कसा येणार? विटाळ ना! तो अंगणातूनच म्हणाला, "भिंतीवरचं कोळसं कोर्टात चालत न्हाय."

या एका उत्तरात दोन्ही गोष्टी आल्या. आमचा हिशेब तपासायला तो घरात पाऊल टाकणार नाही, कारण आम्ही महार. आणि त्याचा हिशेब तपासायला आम्ही वाड्यात पाऊल टाकू शकत नाही, कारण आम्ही महार. जात म्हंजे नुसता पाण्याचा आणि देवळाचा प्रश्न नाही. हिशेब तपासायचा हक्क कुणाला आहे आणि कुणाला नाही, तोही जातीनंच ठरतो.

बापानं गिरणीत नोकरी धरली ती याच बाकीपायी. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली माणसं भरली. पगार झाला की मनीऑर्डर गावाला. त्या पैशातलं कितीतरी पोराबाळांच्या पोटात न जाता खोताच्या फाळ्यात गेलं. गिरणीचा धूर मुंबईत निघायचा आणि खोताच्या माडीवर कौलं चढायची.

एक शब्द आणि त्याचे दोन चेहरे

इथं थोडं परमुलुखात जाऊन येतो. ज्या १८८० साली आपल्याकडं खोतीचा कायदा झाला, त्याच साली आयर्लंडात एक भांडण पेटलं. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची जमीन होती आणि तिची वसुली पाहणारा एजंट होता कॅप्टन बॉयकॉट. पीक खराब गेलेलं. कुळांनी खंडात शेकडा पंचवीस सूट मागितली, मालक शेकडा दहावर अडला. एजंटानं बेदखलीच्या नोटिसा काढल्या. कुळांची लँड लीग आदल्याच वर्षी उभी राहिली होती. कुळांनी एजंटाला मारलं नाही, घर जाळलं नाही. त्याच्याशी व्यवहार बंद केला. शेतावर मजूर नाही, घरात गडी नाही, दुकानातून माल नाही, टपालसुद्धा पोचेना. शेवटी त्याचं पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला. बॉयकॉट देश सोडून गेला आणि त्याचं नाव जगातल्या भाषांना एक क्रियापद देऊन गेलं.

हा शब्द आपण मराठीत 'बहिष्कार' म्हणून वाचतो, आणि आपल्या अंगावर काटा येतो. कारण आपल्याकडं हे हत्यार उलटं चाललं. तिकडं कुळांनी एजंटावर चालवलं, इकडं गावानं आपल्यावर चालवलं. मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली तिचा अहवाल आला. त्यात साफ लिहिलं आहे की अस्पृश्यांनी साधे हक्क बजावले की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकतं. कसायला दिलेल्या जमिनी काढून घेतल्या जातात, मजुरी बंद होते, वाट बंद होते, दुकानदार माल देत नाही.

म्हंजे तळ्याचं पाणी आणि शेताचा खंड ही दोन भांडणं नव्हेतच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, की उद्या आपलं खाचर जाऊ शकतं. ज्याची भाकर दुसऱ्याच्या वहीत, त्याचं स्वातंत्र्यही त्याच वहीत. बाबासाहेबांना हे पक्कं उमगलं होतं, म्हणून महाडनंतर ते खोतीवर आले.

चरीचा संप

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. तिथं नारायण नागू पाटील या आगरी पुढाऱ्यानं खोत-सावकारांविरुद्ध कुळं उभी केली. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली आणि संप पुकारला गेला. पंचवीसेक गावं त्यात होती. सहा वर्षं, १९३९ पर्यंत हा संप चालला. देशाच्या इतिहासात शेतकऱ्यांचा इतका लांब संप क्वचित झाला असेल.

या संपातली अक्कल समजून घ्या. कुळांनी पीक काढून खंड बुडवला असता, तर खोताला सोपं होतं. बाकी दाखवायची, मामलेदाराकडं जायचं, जप्ती आणायची. चरीच्या कुळांनी खंड थकवलाच नाही. त्यांनी जमीनच कसली नाही! पीकच नाही तर अर्धेली कशाची? अभावणी कशाची? खोताच्या हातातला 'थकबाकी' हा शब्दच काढून घेतला. रिकाम्या खाचरावर कुठला कारकून बाकी चढवणार?

पण याची किंमत कुळांनीच मोजली. सहा पावसाळे. जंगलातला लाकूडफाटा विकून, खाडीत मासे मारून, मिळेल तिथं मजुरी करून दिवस काढले. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षं एकी टिकवायची हे सभेत भाषण देण्याइतकं सोपं नाही. संपाला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा पाठिंबा मिळाला. महाडच्या सत्याग्रहातले अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हे सवर्ण सहकारी खोतीच्या लढ्यातही बाबासाहेबांबरोबर होते. तळ्यावर बरोबर आलेली माणसं बांधावरही बरोबर आली, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

१० जानेवारी १९३८

स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ साली निघाला. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या कायदेमंडळात गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. बिलाचा गाभा सोपा होता. खोती रद्द करा, खोताला वाजवी भरपाई द्या, आणि जमीन जो कसतो त्याचा सरकारशी थेट संबंध जोडा. मधला माणूस काढा. सूड म्हणून नाही, न्याय म्हणून. बाबासाहेबांनी भरपाईची तरतूद ठेवली होती हे विसरू नका. आपल्याला लुटारू म्हणणाऱ्यांना हे दाखवून द्या.

त्या वेळी मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. बिल पुढं सरकेना. मग १० जानेवारी १९३८ ला कायदेमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. वीस-पंचवीस हजार माणसं. बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक ही मंडळी होती. शिष्टमंडळ खेरांना भेटलं. मागण्या दिल्या. मैदानात सभा झाली.

आमच्या गावातून दोघं गेले होते. एक कुणबी, एक महार. महार तो माझ्या आजाचा चुलतभाऊ. म्हातारपणी तो आम्हा पोरांना सांगायचा, "मंबईत येकाच नळावर आमी दोगं पानी प्यालो. खांद्याला खांदा लावून चाललो. घोषना येकच, खोती बंद झालीच पायजे." आम्ही विचारायचो, मग गावात आल्यावर? तो हसायचा. "गावात आल्याव तो आपल्या पानवठ्याव, मी आपल्या."

दोस्तहो, या हसण्यावर जरा थांबा. १९३८ चा मोर्चा आपल्या सभांतून का येत नाही, याचं एक उत्तर त्यात आहे. कुळ म्हणून झालेली एकी जातीच्या पाणवठ्यावर येऊन फुटली. कुणब्यांनी तो दिवस आपला मानला नाही, कारण पुढारी महार. आणि आपणही तो मागं ठेवला, कारण त्यात नुसते आपण नव्हतो. दोघांनी सोडून दिलेला दिवस कुणाचाच राहिला नाही. खोताच्या वारसांना यापरतं सुख ते काय?

कायदा आला, जमीन गेली

बाबासाहेबांचं बिल काही पास झालं नाही. पण चरीचा संप आणि मुंबईचा मोर्चा फुकट गेले नाहीत. १९३९ साली कुळांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो सुरुवातीला काही जिल्ह्यांपुरताच लागू केला. १९४८ ला मोठा कूळ कायदा आला. त्यानं खंडाला मर्यादा घातली. बागायतीला पिकाचा चौथा हिस्सा, बाकीच्या जमिनीला तिसरा, याच्या वर नाही. वेठ आणि वरकड हक्क बेकायदा ठरले. खंड घेतला की पावती देणं मालकावर बंधनकारक झालं. १९४९ च्या कायद्यानं खोती रद्द झाली आणि १९५० साली अंमल आला. बाबासाहेबांच्या बिलानंतर बारा-तेरा वर्षांनी. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कायदेशीर कूळ कसत असलेल्या जमिनीचा मालक झाला, किंमत ठरवून हप्त्यानं भरायची.

कागदावर एवढं सगळं झालं. मग आपली माणसं भूमिहीन कशी?

१९४८ च्या कायद्यात एक दार उघडं होतं. कूळ आपखुशीनं जमीन सोडू शकतं. त्याचा राजीनामा लेखी हवा आणि मामलेदारानं खात्री करून घ्यायला हवी, अशी अट होती. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी करून १९५७ साली पुस्तक काढलं. कुळांनी जमिनी सोडल्या त्यातल्या पुष्कळशा या 'राजीखुशी'च्या राजीनाम्यानं, आणि ही खुशी कितपत खरी याचीच शंका आहे, असं त्यांना आढळलं. अर्थशास्त्रज्ञांच्या सभ्य भाषेतलं हे वाक्य. आपल्या भाषेत त्याचं नाव वेगळं आहे.

माझ्या आजाची गोष्ट सांगतो. वाड्यावरून बोलावणं आलं. मागली बाकी माफ करतो म्हणाले. कागदावर अंगठा दे, पावती म्हणून. नंतर तालुक्याला नेलं. साहेबानं विचारलं, "खुशीनं देतोस ना?" आजाच्या मागं खोताचा माणूस उभा. आजाला वाटलं, बाकी मिटल्याबद्दल विचारतात. तो "व्हय" म्हणाला. पुढं मी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून फेरफाराची नक्कल काढली. कुळानं राजीखुशीनं कब्जा सोडला, सबब नाव कमी केलं, एवढाच मजकूर. खाली निशाणी अंगठा. चाळीस वर्षांची नांगरट एका ओळीत पुसली. आणि पुसायला रबर कोणतं वापरलं? थकबाकी. जी कधी मोजलीच नव्हती ती बाकी माफ केली, आणि बदल्यात जमीन घेतली.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले. 'आम्हाला जमीन द्या' असं म्हणणारी ती माणसं भीक मागत नव्हती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या बापजाद्यांचा अंगठा कुठल्या तरी फेरफारावर आहे.

आता आपण काय करायचं

इतिहास वाचून मुठी आवळायच्या आणि घरी जाऊन झोपायचं, यासाठी हे लिहिलेलं नाही. खोत गेला, पण मधला माणूस गेला नाही. शहरात त्याचं नाव दलाल. तो भाड्याची खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारतो. वस्तीत त्याचं नाव 'भाऊ'. तो दुसऱ्याच्या खोल्यांचं भाडं गोळा करतो आणि पावती देत नाही. वही अजून एकाच बाजूची आहे. म्हणून वस्तीत भाड्याचं भांडण आलं की कार्यकर्त्यानं काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, 'बाकी किती' याच्या आधी 'हिशेब दाखव' म्हणा. महिनावार लिहून मागा. तोंडी बाकी ही अभावणी असते.

दुसरं, पावतीशिवाय पैसा देऊ नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे. मालक भाडं घेतच नसेल, म्हंजे पुढं थकबाकी दाखवायचा त्याचा डाव असेल, तर पोस्टानं किंवा बँकेतून पाठवा. त्यानं नाकारल्याचा कागद जपून ठेवा. तो कागद म्हंजे तुमची भिंत, आणि ही भिंत कोर्टात चालते.

तिसरं, भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला भाडं थकलं तरी लगेच रस्त्यावर काढता येत नाही. आधी लेखी नोटीस, नव्वद दिवस, मग दावा. दाव्याचं समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांत थकलेलं भाडं व्याजासकट भरलं आणि पुढं नियमित भरलं तर घर वाचतं. पाणी-वीज तोडणं, बाहेरून कुलूप लावणं हा वसुलीचा मार्ग नाही. पण अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणून सही करायच्या आधी कागदाचं नाव वाचा. करार लेखी आणि नोंदलेला करून देणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदलेला नसला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट शाबीत होईपर्यंत.

चौथं, गावाकडं अजून कुळ म्हणून कुणी कसत असेल, तर खंड थकल्याच्या प्रकरणात कूळ कायदा आधी बाकी भरायची संधी देतो. ती तीन महिन्यांची असते. मात्र कोणतीही तीन सालं थकवली आणि दर थकबाकीला नोटीस आली असेल तर ती संधी जाते. म्हणून नोटीस आली की घाबरून पेटीत ठेवू नका, त्याच आठवड्यात कार्यकर्त्याकडं आणा.

पाचवं, कोरा कागद, अर्धा भरलेला कागद, 'नुसती पावती आहे' म्हणून पुढं केलेला कागद, यांवर सही नाही, अंगठा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. एकट्याला तहसीलदारापुढं जाऊ देऊ नका. माझ्या आजाच्या मागं खोताचा माणूस उभा होता. तिथं आपला माणूस उभा पाहिजे.

आणि एक. आपला माणूसही कधी कधी मालक असतो. चार खोल्या बांधून भाड्यानं देतो. बिहारी, मुसलमान, मातंग भाडेकरू ठेवतो आणि पावती देत नाही. त्यालाही हाच नियम. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून एकतर्फी वही लिहिता येणार नाही.

शेवटी कामाचं सांगतो. तुमच्या गावात, तुमच्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार आहेत. सातबाराची जुनी पानं आहेत. कोकणातल्यांनी बोटखताच्या नकला मागा. १९४८ ते १९५७ या सालांत कुणाची नावं कमी झाली, काय कारण लिहून कमी झाली, त्याची यादी करा. कुणब्यांची, आगऱ्यांची, आदिवासींची नावंही त्याच यादीत घ्या, वेगळ्या पानावर नको. सगळ्या जमिनी परत मिळतील असं मी म्हणत नाही. पण ऐंशी-नव्वद वर्षं आपल्या नावावर जी बाकी सांगितली जाते, तिचा हिशेब एकदा आपल्या हातानं लिहिला गेला पाहिजे. येणं कुणाचं आणि देणं कुणाचं ते मग बघू.

पुढच्या बैठकीला येताना नकला बरोबर आणा.

जय भीम.